आईसाठी ठेवलेली खोली

९ नोव्हेंबर

बाई,

नमस्कार. मोठ्या माणसांना पत्र लिहिताना वर काय काय लिहायचं ते माझ्या आईने मला शिकवलं आहे. आज ते हातून उमटत नाही, म्हणून नुसत्या नमस्कारावर भागवते.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मी तुमच्याच पार्सलवरून उतरवून घेतला. मुलासाठी पडदे पाठवले होतेत ते पार्सल. पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही 'निवृत्त अधीक्षिका, मुलींचे वसतिगृह' असंही लिहिलं होतं. ते वाचून मला मोठ्याने हसू आलं. का, ते पुढे कळेल.

मी इथे आर्किटेक्चर शिकते आहे. परक्या देशात उतरल्यावर आधी छप्पर शोधावं लागतं, आणि नव्याने आलेल्या मुलीला ते कोणी सुखासुखी देत नाही. आधीच्या घरमालकाची शिफारस आणा म्हणतात. माझा आधीचा घरमालक कोण? माझे बाबा! अशा वेळी कॉलेजच्या फळ्यावर आपल्या भाषेतली चिठ्ठी दिसली. 'घरगुती वातावरण. मुलींसाठी सुरक्षित. आपली माणसं.' मी धावत सुटले. ते घर तुमच्या चिरंजीवांचं. म्हणजे त्यांनी अख्खं घर भाड्याने घेतलंय आणि खोल्या पोटभाड्याने देतात. मी ना करार मागितला, ना पावती. आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान नाही का? एवढी मी शहाणी.

मला स्वयंपाकघरामागची खोली मिळाली. ऑगस्टमध्ये एकदा ते म्हणाले, तासभर तुझं सामान बाथरूममध्ये ठेव, खोलीचा फोटो काढायचा आहे. मी ठेवलं. चादरीच्या सुरकुत्यासुद्धा मीच काढल्या. मग तुमचे पडदे आले, ते मीच लावले. एका संध्याकाळी मी पलंगावर ताट घेऊन बसले होते आणि ते माझ्या दारात उभे राहून फोनवर ओरडत होते, कारण तुम्हाला कमी ऐकू येतं. 'हो आई, तुझी खोली रिकामीच आहे. रोज झाडून घेतो. नाही गं, कुणाला देईन का?' आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट. मी घास चावायची थांबले, बाई. तुमच्या खोलीत माझ्या चावण्याचा आवाज यायला नको म्हणून.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला त्याच खोलीतून बाहेर काढलं. भर पावसात, माझ्या परीक्षेच्या दिवशी, सामान पायरीवर टाकून. चार दिवसांत तिथे जास्त भाडं देणारी माणसं आली.

हे पत्र मी सूड म्हणून लिहिते आहे, उगाच गोड शब्द शोधत नाही. माझ्या हातात दुसरं काही नाही. एका माणसासमोर त्यांची मान खाली गेलेली मला बघायची आहे, आणि तो माणूस तुम्ही आहात.

तुमच्या खोलीत राहिलेली

२७ नोव्हेंबर

मुली,

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे, ओळी मात्र खाली उतरतात. रागाने लिहिलेल्या पत्राच्या ओळी उतरतात हे मी नोकरीभर पाहिलं आहे.

तू लिहिलंस त्यातलं मला काहीही पटलं नाही. सोन्याने पाठवलेला खोलीचा फोटो माझ्या टेबलावर उभा आहे. पलंग, चादर, खिडकी. त्यात ना तू आहेस ना तुझं ताट. माझा मुलगा वसतिगृहाच्या आवारात वाढला. सुट्टीत घरी न गेलेल्या मुली त्याला अभ्यासाला बसवायच्या, त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या. एखाद्या मुलीचं सामान पायरीवर टाकणारा मुलगा त्या आवारात तयार होत नाही.

माझा संशय स्पष्टच सांगते. तुझ्या मनात त्याच्याबद्दल काही होतं आणि त्याने नकार दिला. असं झालं की मुली घरच्यांना पत्रं लिहितात. मी अशी पत्रं फाडली आहेत आणि लिहिणाऱ्या मुलींना जवळ बसवून चहाही पाजला आहे. तू जवळ असतीस तर तुलाही पाजला असता.

आणखी एक. कान भरायला तू जरा उशीर केलास. जानेवारीअखेर मी या दोन खोल्या सोडते आहे. नोकरी संपल्यापासून इथेच आहे. 'त्या खोल्या कशाला अडकवून ठेवतेस, सोड आणि ये' असं सोन्याच मला कधीपासून सांगतो आहे. माझंच मन होत नव्हतं. आता मालकाला शब्द दिला. माझ्यामागे एक नवं जोडपं यायचं आहे, ती दोघं येऊन भिंतींचे रंग ठरवून गेली. भांडी वाटली, शिवणयंत्र शेजारणीला दिलं. तिकीट मी माझ्या फंडातून काढलं आणि मगच त्याला कळवलं. म्हणाला, 'आई, एवढी घाई कशाला?' मला दगदग नको म्हणून म्हणतो. लाघवी आहे.

तू अभ्यासाला लाग.

अधीक्षिका (निवृत्त)

१३ डिसेंबर

बाई,

तुमच्या चिरंजीवांशी लग्न करण्यापेक्षा मी त्यांच्या घरातल्या गळक्या नळाशी केलं असतं. तो निदान चोवीस तास एकच बोलतो.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला आणि मी ते चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं, कारण त्यात तुम्ही फोटोबद्दल लिहिलं आहे. तो फोटो हातात घ्या. पलंगाच्या डाव्या पायामागे बघा. लाल चपलेचं टोक दिसेल. एकाच चपलेचं, कारण दुसरी मी उचलली आणि ही राहिली. चिरंजीव लाल चपला घालतात का?

सोबत घराचा नकाशा पाठवते आहे. तेवढं मला येतं. कुठली खोली केवढी, दार कुठे उघडतं, खिडकीतून काय दिसतं, सगळं मापाने काढलं आहे. वर रस्त्याच्या बाजूची मोठी खोली, गच्चीसकट, ती चिरंजीवांची स्वतःची. तिच्या शेजारी नर्स राहते. खाली दिवाणखाना, तिथल्या सोफ्यावर कधी कोण तर कधी कोण. जिन्याखाली कोंदट कोठी आहे, तिथेही गादी टाकून भाडेकरू ठेवायचा विचार चालला होता. आणि मागे तुमची खोली. तिथे आता दोन बसड्रायव्हर राहतात, एक दिवसपाळीवाला आणि एक रात्रपाळीवाला. पलंग एकच. एक उठतो तेव्हा दुसरा येऊन झोपतो. त्या पलंगाची गादी कधी गार होत नाही. खिडकी उत्तरेला, समोर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. तुमचे पडदे ओढलेलेच असतात.

तुम्हाला पाठ टेकायला त्या घरात कुठेही जागा नाही. नकाशात शोधून बघा.

घराच्या मूळ मालकाला पोटभाडेकरूंचा पत्ताच नाही. मी त्यांच्या दारात जाऊन चार वाक्यं बोलले तरी चिरंजीव रस्त्यावर येतील. अजून गेलेली नाही.

'बाई, खोल्या सोडण्याआधी विचार करा' असं एखादी चांगली मुलगी इथे लिहील. मी लिहीत नाही. या तुम्ही. सामान घेऊन या. त्यांनी दार उघडून तुम्हाला बघावं, आणि तुम्हाला कुठे ठेवायचं हे त्यांना सुचू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

लाल चपलेची मालकीण

३० डिसेंबर

मुली,

भिंगातून पाहिलं. चप्पल आहे.

त्यानंतर तुझा नकाशा टेबलावर पसरला आणि सोन्याला फोन लावला. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, पण खोटं बोललेलं पूर्ण ऐकू येतं. एवढी वर्षं इतक्या मुलींचं ऐकून कान तेवढे तयार झाले आहेत. फक्त घरच्या माणसाकडे ते मी कधी लावले नव्हते. विचारलं, 'सोन्या, माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं का रे?' म्हणाला, 'आई, ऊन? नुसतं भरून जातं!' मी उत्तरेच्या खिडकीवर बोट ठेवून बसले होते.

तीन दिवस बांधाबांधीला हात लावला नाही. शेजारीण येऊन गेली, तिला वाटलं प्रवासाची धास्ती घेतली आहे.

आता तुझ्याकडे वळते. मला तू त्याच्या दारात उभं करायला बघते आहेस. माझ्या डोक्यावर छप्पर राहील की नाही याच्याशी तुला कर्तव्य नाही. हे तू लपवलंही नाहीस, म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवते. लपवणारी असतीस तर गोड लिहिलं असतंस.

मालकाला जाऊन विचारलं, खोल्या ठेवता येतील का. बिचारा ओशाळला. जोडप्याची आगाऊ रक्कम घेऊन झाली आहे, त्यांचं लग्नही त्या हिशेबाने ठरलं आहे. मला कुणाचा संसार मोडून राहायचं नाही. तेव्हा इथे माझं आता काही नाही, आणि तिथे कधी नव्हतंच. या वयात माझ्यावर अशी वेळ पोटच्या पोराने आणली. मी येणार. तुझ्या इच्छेसाठी नाही, माझ्या स्वतःच्या संतापासाठी येणार. मला काय माहीत आहे ते त्याला कळता कामा नये.

मूळ मालकाकडे तू अजिबात जायचं नाहीस. एकाला धडा शिकवायला नर्स आणि दोन ड्रायव्हर कशाला रस्त्यावर काढतेस? नेम धरता येत नसेल तर दगड खाली ठेव.

शेवटचं. तू पहिल्या पत्रात सामान बाहेर टाकल्याचं लिहिलंस, पण त्याने कारण काय सांगितलं ते लिहिलं नाहीस. काही ना काही कारण सांगितल्याशिवाय कोणी कुणाला काढत नाही. तू ते गाळलं आहेस. न रडता, जसं घडलं तसं सगळं लिही.

अधीक्षिका

१४ जानेवारी

बाई,

लिहिते.

आमच्याकडे सत्राच्या शेवटी आपण योजलेल्या इमारतीचं मॉडेल करून परीक्षकांसमोर ठेवायचं असतं. माझं होतं उतारावरचं लहान मुलांचं वाचनालय. बारीक लाकडी पट्ट्या आणि पुठ्ठा. जिन्याची एकेक पायरी मी ब्लेडने कापली होती. बोटांना चिकटपट्ट्या लावून कापली होती. मॉडेल फार नाजूक, म्हणून मी सकाळी आधी नकाशांचे कागद कॉलेजात भिंतीवर लावून यायचं आणि दुपारी टॅक्सीने मॉडेल न्यायचं, असं ठरवलं होतं.

परत आले तर पाऊस कोसळत होता. माझ्या बॅगा पायरीवर होत्या. बॅगांवर मॉडेल, आणि मॉडेलवर वर्तमानपत्र. त्यांना वाटलं असेल वर्तमानपत्राने झाकलं की झालं. पट्ट्या फुगून वाकल्या होत्या आणि पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. मी हात लावला तेव्हा छत माझ्या हातात आलं. दाराचं कुलूप बदललेलं होतं.

मी हाका मारल्या. चिरंजीव वरच्या गच्चीत आले, छत्री घेऊन. तिथूनच म्हणाले, 'माझी आई येणार आहे. तिच्यासाठी खोली रिकामी करायला नको? तुलाही आई आहे ना?'

हेच मी गाळलं होतं. त्यांनी मला तुमच्या नावावर बाहेर काढलं. ओल्या बॅगेवर बसून मी जे तोंडाला येईल ते तुम्हाला बोलले. म्हटलं, कोण ही बया, जिच्या इथे येण्याच्या हौसेपायी माझं वर्ष बुडालं? तेव्हा मला वाटलं तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार. चार दिवसांनी तिथे ड्रायव्हर आल्याचं नर्सने सांगितलं तेव्हा कळलं. तरी पहिलं पत्र लिहिताना माझा राग निम्मा तुमच्यावरच होता. तुमच्या खोलीत माझं ताट होतं हे वाचून तुम्हाला टोचावं म्हणूनच ते लिहिलं. त्याची मला लाज वाटत नाही, सांगून ठेवते.

परीक्षक म्हणाले, मॉडेल नाही तर गुण नाहीत. एप्रिलमध्ये एकच संधी आहे. तीही हुकली तर माझं नाव कमी होईल आणि इथे राहायचा परवानाही जाईल. सध्या एका लाँड्रीच्या माळ्यावर आम्ही तिघी झोपतो. पलंगावर बसलं की डोकं छताला लागतं. मॉडेलला टेबल लागतं, बाई, मोठं आणि कुणी न हलवणारं. ते कुठून आणू?

मी रडलेले नाही. ओळी बघा, सरळ आहेत.

लाँड्रीवरची

३ मार्च

मुली,

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तू मला भित्री ठरवलं असशील. हे पत्र रात्रपाळीवाला आणून देईल, त्याची बस तुझ्या लाँड्रीवरून जाते. त्याला चहा दे.

विमानतळावर सोन्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, 'आई, तुझ्या खोलीला रंग काढलाय, दोन दिवस जरा दिवाणखान्यात.' मी म्हटलं, 'बरं.' मला सोफ्यावर झोपवलं. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे दहा. मग रंगाचा वास येतो म्हणाला. मी नुसतं 'बरं बरं' म्हणत राहिले. माझा मवाळपणा बघून तो खुशीत आला. मला लोकांपुढे उभं करून 'ही माझी आई' म्हणून ओळख करून द्यायचा आणि मग वर जाऊन आपल्या खोलीत दार लावून घ्यायचा.

तेवढ्यात मी घर शिकून घेतलं. नर्सच्या पायाला तेल लावून दिलं, तिने सगळं सांगितलं. दिवसपाळीवाला तर माझ्यासमोर रडलाच. 'बाई, मी तुमच्या खोलीत झोपतो हे मला ठाऊक नव्हतं,' म्हणाला. त्याला सांगितलं, तू झोप रे बाबा, तुला नाही उठवायचं.

मंगळवारी सकाळपासून पाऊस लागला. मी अशाच पावसाची वाट बघत होते. सोन्या कामावर गेला. नर्सला सुट्टी होती. तिने आणि मी त्याची वरची खोली रिकामी केली. कोट, बूट, गाण्याचे ते दोन मोठे डबे, ऑफिसात मिळालेलं चौकटीतलं प्रशस्तिपत्रक, सगळं खाली आणून पायरीवर मांडलं. त्यावर वर्तमानपत्र टाकलं, एकच. मग दाराला आतून कडी घातली.

संध्याकाळी तो आला. किल्ली फिरवली, दार उघडेना. मग ठोकायला लागला. त्याचं ठोकणं मला तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखू येतं. 'आई, दार उघड! आई, हे सामान बाहेर कुणी टाकलं? आई, सगळं भिजलं गं!' शेजारची माणसं खिडकीत आली. मी दाराजवळ गेले आणि घंटा झाल्यावर मुलींना हाक मारायचे तशा आवाजात म्हटलं, 'खोली रिकामी करायला नको? आई आली आहे.'

ठोकणं थांबलं. मग त्याने दबक्या आवाजात विचारलं, 'तुला कुणी सांगितलं?' मी म्हटलं, 'तू. गच्चीतून.'

पोटचा पोर बाहेर भिजत होता, मुली. माझाही पदर डोळ्याला गेला. हात कडीला गेला नाही. नर्स म्हणाली, पुरे आता बाई. मी म्हटलं, त्या मुलीला पुरे कोण म्हणालं होतं?

अंधार पडल्यावर आत घेतलं. प्रशस्तिपत्रकावरची शाई ओघळली होती. ते त्याने मला दाखवलं. मी म्हटलं, पुठ्ठा आहे, फुगणारच. आता तो जिन्याखालच्या कोठीत झोपतो. वरची खोली माझी, आणि तिथलं टेबल मोठं आहे. खिडकीशी लावून घेतलं आहे. ते कुणी हलवणार नाही.

तू केव्हा येतेस?

अधीक्षिका

५ मार्च

बाई,

पत्र मी इतक्या वेळा वाचलं की रात्रपाळीवाल्याचा चहा उकळून उकळून काढा झाला. लाँड्रीवाली विचारायला लागली, कुणाचं लग्न ठरलं का? मी हसले, मग माझ्या ओळी उतरायला लागल्या, म्हणून पत्र दुसऱ्या दिवशी लिहिते आहे.

आणि तरी मला तुमचा राग आला. सूड माझा होता. तुम्ही तो माझ्या हातून काढून घेतलात आणि मी कुठे होते? इथे लोकांच्या चादरींना इस्त्री करत होते. मला ते ओघळलेलं प्रशस्तिपत्रक बघायचं होतं. मला ते ठोकणं ऐकायचं होतं.

काल चिरंजीव इथे आले. तुम्ही पाठवलंत की स्वतः आले ते माहीत नाही. लाँड्रीच्या दारात उभे राहून 'चूक झाली, झालं गेलं विसर' म्हणाले. मी इस्त्री थांबवली नाही. म्हटलं, विसरायला मी काय तुमची आई आहे का? मग लक्षात आलं की त्यांची आईही विसरलेली नाही. ते उभे राहिले, भिजले, गेले. मला वाटलं होतं तेवढं बरं नाही वाटलं. पण बरं वाटलं.

त्या घराची पायरी मला पुन्हा चढायची नाही. बसमधून ती गल्ली आली तरी मी तोंड फिरवते. पण एप्रिल जवळ आला आहे आणि इथे माझ्या मांडीवर वाचनालयाची एक भिंतसुद्धा उभी राहत नाही. तेव्हा टेबलासाठी येईन. अटी आहेत. माझ्या नावाचा करार आणि कुलपाची किल्ली. बॅगा चिरंजीवांनी इथून स्वतः उचलून न्यायच्या, वरपर्यंत. मी मागून रिकाम्या हाताने चालेन. त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही. आणि मी त्यांना माफ केलं आहे असं तुम्ही त्यांना कधीही सांगायचं नाही, कारण मी केलेलं नाही.

लाँड्रीवरची

९ मार्च

मुली,

अटी मंजूर.

करार सोन्याकडून लिहून घेतला. तुझाच नाही, घरातल्या प्रत्येकाचा, ज्याच्या त्याच्या नावाने. तो मूळ मालकाकडेही जाऊन आला, मी सोबत होते. 'माझ्या घरात किती माणसं राहतात' म्हणून मालकांनी बरीच आदळआपट केली. शेवटी मी म्हटलं, 'माणसं आहेत तेवढीच राहतील, जबाबदारी माझी, रोज घर मी बघणार.' माझ्या तोंडाकडे बघून ते तयार झाले. ड्रायव्हरांना दुसरा पलंग आणला. आता दोघांना एकमेकांची ऊब घ्यावी लागत नाही.

माफीचं म्हणशील, तर तुला कुणी माफ कर म्हटलेलं नाही. मी तरी कुठे केलं आहे? तो माझा मुलगा आहे म्हणून मी त्याला जेवायला वाढते, त्याचा शर्ट फाटला तर शिवते. माफ करणं हे वेगळं खातं आहे आणि ते अजून उघडलेलं नाही.

रविवारी तो येईल बॅगा न्यायला. तुला बघायला मिळावं म्हणून मी मुद्दाम दिवसाउजेडीची वेळ ठरवली आहे. तू रस्त्याने मागून चाल, रमतगमत चाल. शेजारी खिडकीत असतील, मी बोलून ठेवलं आहे. सूड तुझ्या हातून काढून घेतला म्हणालीस ना, त्यातला तुझा वाटा हा.

वरच्या खोलीत खिडकीकडची बाजू तुझी, दाराकडची माझी. अधीक्षिका नेहमी दाराकडे झोपते. भाडं घेईन, फुकट ठेवणार नाही. ब्लेडने बोट कापलंस तर औषध लावीन, पण पट्ट्या कापून देणार नाही. एप्रिलमध्ये मॉडेल घेऊन बाहेर पडताना पाऊस असला तर छत्री सोन्या धरील, तुझ्यावर नाही, मॉडेलवर.

तिकडचं कळलं. शेजारणीचं पत्र आलं आहे. जोडपं राहायला आलं, दोन्ही खोल्यांना पिवळा रंग दिला, मधलं कपाट काढून टाकलं. त्या कपाटाच्या आत सोन्याची उंची दरवर्षी पेन्सिलीने लिहिलेली होती. बरं झालं काढलं म्हणायचं. म्हणते आहे, पण अजून म्हणवत नाही.

काल रात्री आम्ही दोघंच जेवत होतो. त्याने मान खाली घालून विचारलं, 'आई, तू परत कधी जाणार?' मी म्हटलं, 'कुठे रे? माझ्या खोल्या तर तूच सोडायला लावल्यास.'

त्याचा घास हातातच राहिला. आता मी इथेच, रोज, सकाळ-संध्याकाळ, त्याच्या डोळ्यांसमोर, हे त्याला तेव्हा समजलं असावं. मी त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि संपव म्हटलं.

अधीक्षिका